‘ल.का.’ म्हणजे काय? वाचनालयाच्या नोंदी नव्या प्रणालीत नेतानाचे दहा महिने

ज्यांच्या वाचनालयात अजून काळ्या पडद्यावरचं फॉक्सप्रो हे जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर चालू आहे आणि ‘हा संगणक बंद पडला तर?’ या विचाराने ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं वाचनालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावचं, तालुका ‘अ’ वर्गातलं. जून २०२३ ते एप्रिल २०२४ या काळात आम्ही तिथल्या सगळ्या नोंदी ‘कोहा’ या वाचनालयांसाठीच्या मुक्त संगणक प्रणालीत नेल्या. मी एका कंपनीसाठी घरून डेटाबेसचंच काम करते. तरी या कामात पहिले दोन महिने मला काही सुचत नव्हतं. काय अडलं, कशाने सुटलं, किती पैसे आणि किती दिवस गेले, ते क्रमाने सांगते.

सुरुवात झाली ती पहिल्या पावसात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वीज तीनदा गेली आणि देवघेवीचा संगणक चालूच होईना. दुसऱ्या दिवशी झाला, पण हार्डडिस्कचा आवाज ऐकून ग्रंथपाल ताईंनी मला फोन केला. त्याच महिन्याच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत विषय आला. ठराव होऊन, तीन दरपत्रकं मागवून, नवा संगणक यायला ऑगस्ट उजाडला. तुमच्याकडेही एवढा वेळ जाणार हे धरून चाला. मात्र जुना डेटा उतरवून घ्यायला ठरावाची वाट बघू नका. आम्ही तो पहिल्याच रविवारी दोन वेगळ्या डिस्कांवर घेतला आणि एक डिस्क ताईंच्या घरी ठेवली.

जुना प्रोग्राम ज्यांनी करून दिला त्यांचा आता पत्ता नाही. पण फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली तशा सरळ असतात. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्येही उघडतात. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळा. डीबीएफच्या शेजारी त्याच नावाची एफपीटी फाइल असेल तर तीही घ्या. लांबलचक शेरे त्यात असतात आणि ती राहिली की शेरे गेलेच. दुसरं म्हणजे, फॉक्सप्रोत नोंद ‘डिलीट’ केली तरी ती फाइलमधून जात नाही. ओळीच्या सुरुवातीला एक खूण पडते आणि ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत ती ओळ तिथेच असते. आमच्याकडे पॅक कधी झालंच नव्हतं. त्यामुळे ३३,४६८ चालू नोंदींबरोबर १,२१७ पुसलेल्या नोंदीही हाती आल्या.

दाखल नोंदवहीतला (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ते जिथे लिहितात ती वही) शेवटचा क्रमांक होता ३४,७०२. दोन्हींची बेरीज ३४,६८५. म्हणजे सतरा कमी. ते सतरा क्रमांक सलग निघाले. ताईंनी वही काढली, तर दोन पानं दमटपणाने एकमेकांना चिकटलेली, आणि त्या वहीत एका पानावर ओळी सतरा! संगणकावर नोंदी चढवणाऱ्याने ते पान पाहिलंच नव्हतं. आम्ही वाफ न देता, पातळ पट्टी घालून ती पानं हळूच सोडवली. सतराही पुस्तकं कपाटात होती, पण इतकी वर्षं संगणकाच्या लेखी ती नव्हतीच.

ऑगस्ट गेला अक्षरांत. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांप्रमाणे आमच्या डेटातही अक्षरं साठवलेली नव्हती, अक्षरांचे आकार साठवलेले होते. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाइलमध्येही आधी; रफार नंतर दिसतो म्हणून नंतर. आजच्या संगणक-फोनांवर चालणाऱ्या युनिकोड या अक्षरसंकेतात मात्र क्रम उच्चाराचा. त्यामुळे एकास एक बदल केला की ‘किल्ला’चं ‘िकल्ला’ होतं. नुसती वेलांटी एक घर पुढे सरकवूनही भागत नाही, कारण ‘स्थिती’मध्ये तिला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं उलटं, त्याला मागे न्यायचं, तेही मधला काना-मात्रा ओलांडून. हे बदल करणारी माझी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, सातव्या खेपेला नीट चालली.

त्यानंतरही एक गोष्ट छळत राहिली. ‘ॲ’ हे एक अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला मात्र वेगळी. ‘दऱ्या’ आणि ‘र्‍या’ वापरून लिहिलेलं ‘दर्‍या’ यांचंही तसंच. एकाने शोधलं तर दुसऱ्याने लिहिलेलं सापडत नाही. आम्ही सगळीकडे एकच रूप ठरवलं: ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’, कारण मोबाइलवरून शोधणारे वाचक बहुतेक तेच टंकतात. कोहा बसवताना शोधसूची आयसीयू पद्धतीची (वेगवेगळ्या लिप्या समजणारी) निवडा, नाहीतर देवनागरीचा शोध नीट चालत नाही.

आता मुख्य काम, रकान्याला रकाना जोडण्याचं. जुन्या फाइलीत पुस्तकासाठी चौदा रकाने होते. कोहात पुस्तकाची माहिती मार्क २१ या ठेवणीत बसते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेनरिएट अवराम यांनी १९६०च्या दशकात तिचा पाया घातला. नावांऐवजी आकडे: लेखक १००, शीर्षक २४५, प्रकाशक २६०, आणि कोहाने प्रत्येक प्रतीसाठी राखलेला ९५२. पहिल्या रविवारी मी चौदा ओळींचा तक्ता केला, समोर आकडे लिहिले आणि वाटलं, झालं. प्रत्यक्षात तो तक्ता शेवटी तेवीस पानांचा झाला.

गणपतीत कोकणात कुठलंच काम हलत नाही. १९ सप्टेंबरला चतुर्थी होती, तेव्हा महिनाअखेरपर्यंत सगळं बंद. त्या सुट्टीत आमच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल आमच्याकडे गणपतीला आले. गाव त्यांना काका म्हणतं. १९९८ पासून पंधरा वर्षं संगणकावरच्या बहुतेक नोंदी त्यांच्या हातच्या. आरती झाल्यावर मी त्यांना सहज विचारलं, “काका, शेऱ्यात २१४ पुस्तकांपुढे ‘ल.का.’ लिहिलंय. मंडळात कुणालाच माहीत नाही. ते काय?”

काका म्हणाले, “लहान कपाट. कार्यालयातलं, काचेचं. त्यातली पुस्तकं घरी द्यायची नाहीत. कागद कुरकुरीत झालेत त्यांचे.”

तोपर्यंत मी ‘लघुकादंबरी’ असं गृहीत धरून ती २१४ पुस्तकं साहित्यप्रकाराच्या रकान्यात टाकून ठेवली होती. तसंच पुढे गेलं असतं तर गावातली सगळ्यात जुनी, नाजूक पुस्तकं पहिल्याच दिवसापासून घरोघरी जायला लागली असती. त्या रात्री मला खरोखर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी काकांना दर बुधवारी संध्याकाळी यायची विनंती केली आणि तक्त्याला तीन रकाने वाढवले: अर्थ काय, कोणी सांगितला, कोणत्या तारखेला. तुम्ही हे काम करणार असाल तर माझी पहिली सूचना हीच. प्रोग्राम बनवणारा शोधत बसू नका, नोंदी भरणारं माणूस शोधा.

शेऱ्याचा तो एक रकाना पंचवीस वर्षं सगळ्यांचं सगळं पोटात घेत आला होता. ‘दे.’ म्हणजे देणगी, ‘ग.’ गहाळ, ‘नि.’ निर्लेखित (संग्रहातून रीतसर काढून टाकलेलं), ‘बां.’ बांधणीला. ‘खं. ३’ असेल तर खंड, आणि नुसतंच ‘३’ असेल तर तिसरी आवृत्ती. कोहात यातल्या प्रत्येकाला वेगळी जागा आहे. गहाळ, निर्लेखित आणि खराब या तीन स्वतंत्र खुणा, शिवाय ‘देऊ नये’ ही चौथी, आणि पुस्तक कुठून आलं याचा रकाना निराळा. एकाचे सहा रकाने झाले. फोडताना मूळ शेरा जसाच्या तसा ९५२मधल्या खासगी टिपेच्या उपरकान्यात ठेवून दिला, तो फक्त कर्मचाऱ्यांना दिसतो. पुढे चाळीसेक ठिकाणी आमचा अर्थ चुकल्याचं कळलं, तेव्हा या मूळ शेऱ्यानेच वाचवलं.

किमतीच्या रकान्याने तर मला अक्षरशः शिकवलं. ६११ पुस्तकांची किंमत बरोब्बर ९९९ रुपये होती. मला वाटलं, टंकनाची चूक. काकांनी सांगितलं की आपल्याकडे अनामतीपेक्षा महाग पुस्तक घरी देत नाहीत, आणि जुन्या प्रोग्राममध्ये ‘देऊ नये’ असा रकानाच नव्हता. म्हणून संदर्भग्रंथाची किंमत ९९९ टाकायची, की प्रोग्राम आपोआप अडवतो. म्हणजे तिथे किंमत नव्हतीच, नियम होता. देणगीच्या पुस्तकांना १ रुपया, कारण शून्य चालत नव्हतं. ९९९चं भाषांतर ‘देऊ नये’ असं केलं आणि खऱ्या किमती दाखल नोंदवहीतून पुन्हा लिहून काढल्या. दोघं जण, तीन रविवार. वार्षिक अहवालात ग्रंथसंग्रहाचं मूल्य द्यावं लागतं, त्यामुळे हे टाळता येत नाही.

तारखांमध्ये वर्ष दोनच आकडी होतं. पायथन या संगणकभाषेचा नेहमीचा नियम असा: ६९ ते ९९ म्हणजे एकोणीसशे, ०० ते ६८ म्हणजे दोन हजार. आमच्याकडे १९४८ साली दाखल झालेली पुस्तकं आहेत, ती थेट २०४८ला जाऊन बसली. उपाय दाखल क्रमांकानेच दिला. क्रमांक तारखेप्रमाणे चढत जातो, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकांची वर्षं पाहिली की शतक कळतं. कोहाचा जन्मही याच अडचणीतून झालेला. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या वाचनालयाची जुनी प्रणाली २००० सालात टिकणार नव्हती, म्हणून १९९९मध्ये ही लिहिली गेली आणि जानेवारी २०००मध्ये सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. हे काकांना सांगितलं तर त्यांना फार आवडलं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात अवघड भाग आला. जुन्या फाइलीत एक प्रत म्हणजे एक ओळ. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर पाच ओळी, पाचही वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या. कोहात शीर्षकाची नोंद एक आणि तिच्या पोटात पाच प्रती. दोन्हींत फरक नावांचा नाही, पुस्तक म्हणजे काय याचाच आहे. एकत्र आणायला खूण लागते, आणि आयएसबीएनचा (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा) रकाना जुन्यात नव्हताच. शीर्षक, लेखक आणि प्रकाशक मिळून खूण केली, पण लेखकाचंच नाव ‘वि. वा. शिरवाडकर’, ‘शिरवाडकर वि.वा.’, ‘शिरवाडकर, वि. वा.’ असं तीन तऱ्हांनी. ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या मोफत साधनात अशी सारखी दिसणारी नावं गटाने समोर येतात आणि माणसाने होकार दिला की एक होतात. होकार मात्र माणसानेच द्या. याच नावापाशी ताईंनी मला थांबवलं. ‘कुसुमाग्रज’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ व्यक्ती एक असली तरी कविता एका नावाने, नाटकं दुसऱ्या नावाने, आणि वाचक दोन्ही नावांनी विचारतात. म्हणून दोन्ही नावं ठेवली आणि अधिकृत नावांच्या यादीत त्यांना एकमेकांकडे ‘हेही पाहा’ असा दुवा दिला. ‘अनु.’ असलेल्या ओळींमधून अनुवादक काढून तो ७००मध्ये नेला.

पहिली चाचणी ४ नोव्हेंबरला, शनिवारी रात्री घेतली. सकाळी पाहिलं तर एका कोशाचे अठरा खंड म्हणजे एकाच पुस्तकाच्या अठरा प्रती झाल्या होत्या! वाचकाने आठवा खंड मागितला असता तर प्रणालीने कुठलाही पुढे केला असता. चूक माझी. खंडाचा क्रमांक शेऱ्यात आहे हे तक्त्यात लिहिलेलं होतं, पण खूण बनवताना मी शेरा घेतलाच नव्हता. खंड २४५च्या भागक्रमांकाच्या उपरकान्यात नेला आणि खुणेतही घातला. असं तीनदा पाडून पुन्हा चढवलं. चाचणी वेगळ्या डेटाबेसवर करा आणि प्रत्येक खेपेला तीन आकडे ताडून पाहा: एकूण प्रती, एकूण किंमत, आणि दाखल क्रमांकांच्या ओळीत मधे गळलेले क्रमांक.

एक मोह मला आधी झाला होता: कोहाच्या टेबलांमध्ये एसक्यूएल या डेटाबेसच्या आज्ञाभाषेने थेट ओळी घालायच्या, पटकन होईल. केलं नाही ते बरं झालं. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि आतली रचना बदलत राहते. मार्कची अख्खी नोंद आधी ‘बिब्लिओआयटेम्स’ या टेबलात असायची, १७.०५ या आवृत्तीपासून ती वेगळ्या ‘बिब्लिओ_मेटाडेटा’मध्ये गेली. टेबलांवर विसंबून लिहिलेली स्क्रिप्ट अशा वेळी मोडते. आम्ही मार्कच्या फाइली तयार केल्या आणि कोहाच्याच आयात सोयीने चढवल्या. आत काय बदलायचं ते तिचं ती बघते.

डिसेंबर सभासदांचा. इथे अनामतीवर अडलो. कोहाच्या खात्यात दंड आणि जमा असतं, पण परत करायच्या अनामतीला स्वतःची जागा नाही. चाचणीत मी ती सभासदाच्या खात्यावर जमा दाखवली, आणि उशिराचा दंड पडताच तो त्यातूनच वळता झाला. काका एवढंच म्हणाले, “अनामत आपली नाही गं, सभासदाची आहे. आपण ती सांभाळतो.” लेखापरीक्षकांनीही ताळेबंदात ती देण्यांच्या बाजूला असते हे दाखवलं. मग अनामत सभासदाच्या अतिरिक्त माहितीत एक स्वतंत्र रकाना करून ठेवली, पावती क्रमांकासह. बेरीज ताळेबंदाशी जुळेना, २,३५० रुपयांचा फरक. तो शोधायला अकरा दिवस लागले. काही मयत सभासदांची अनामत वारसांना परत दिली होती, पण संगणकात नाव तसंच होतं. जुन्या देवघेवीचा इतिहास मात्र आम्ही नेला नाही. वीस वर्षांपूर्वी कोणी काय वाचलं हे साठवून ठेवायचं आपल्याला कारण नाही, असं मंडळाने ठरवलं आणि मला ते मनापासून पटलं.

बालविभाग आणि अभ्यासिका यांच्या नोंदी वेगळ्या होत्या, अनुक्रमे ॲक्सेसमध्ये ६,१४० आणि एक्सेलमध्ये १,३८५. तिन्हीकडे दाखल क्रमांक एकपासून सुरू! बारकोड तर सगळ्यांत वेगळा हवा. बालविभागाच्या आणि अभ्यासिकेच्या क्रमांकांना वेगवेगळी अक्षरं जोडली, मूळ क्रमांक ९५२च्या वेगळ्या उपरकान्यात तसाच ठेवला. बालविभागाची सुमारे २,३०० शीर्षकं रोमन लिपीत होती. ती कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी जानेवारीत देवनागरीत लिहून काढली. रोमन रूप टाकून दिलं नाही, पर्यायी शीर्षकाच्या २४६मध्ये ठेवलं, कारण मुलं आजही फोनवर तसंच शोधतात.

फेब्रुवारीत सगळं तयार होतं, तरी मंडळाने थांबायला सांगितलं: ३१ मार्चला वर्ष संपतंय, अहवाल जुन्या आकड्यांवर जाऊ दे. तेव्हा मी थोडी खट्टू झाले, पण निर्णय योग्य होता. त्या वेळात बारकोड चिकटवले. गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी, १५ एप्रिल २०२४ला, देवघेव कोहावर सुरू झाली. जुना संगणक पुढचे दोन महिने शेजारी फक्त पाहण्यापुरता चालू ठेवला.

खर्च असा: संगणक ४२,०००, यूपीएस ६,५००, दोन स्कॅनर ३,८००, लेबलं आणि चिकटपट्टी ११,२००, दोन बाहेरच्या डिस्का ४,३००. एकूण ६७,८०० रुपये. प्रणालीला पैसे नाहीत. माझे आणि काकांचे तास कोणी मोजले नाहीत, पण तुम्ही ठराव करताना किमान सहा महिने आणि आठवड्याला दहा तास धरा.

पहिल्या दिवशी एका आजींनी विचारलं, “माझं कार्ड चालेल ना?” चाललं. दुपारी ताईंनी लहान कपाट उघडून २१४ पुस्तकं यादीशी ताडली. २०९ मिळाली. पाचांपुढे ‘शोध चालू’ अशी खूण आहे. आणखी ११२ नोंदींचा शेरा आमच्यापैकी कोणालाच लागत नाही, त्या ‘शंका’ म्हणून वेगळ्या ठेवल्यात. काका अजून बुधवारी येतात. चहा होतो, वही उघडते, आणि दर खेपेला चार-पाच नोंदी सुटतात. गेल्या बुधवारी ‘पा.सा.’ सुटलं: पावसात सापडलेली, म्हणजे २००५च्या पुरात भिजून पुन्हा बांधलेली पुस्तकं. ती ‘खराब’च्या रकान्यात घालावीत का, यावर काकांचं आणि ताईंचं अजून एकमत झालेलं नाही.